‘परत येईन’ या शब्दाची किंमत : प्रोबेशन, परवानगी आणि हद्द

आजच्या भागात पुन्हा थोडा इतिहास, आणि तोही आपण ज्या देशात राहतो त्या अमेरिकेतल्या कायद्याचा.

‘प्रोबेशन’ म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना नव्या नोकरीतले पहिले सहा महिने आठवतात. कोर्टातलं प्रोबेशन वेगळं. तिथे गुन्हा कबूल केलेला असतो किंवा सिद्ध झालेला असतो. पण न्यायाधीश तुरुंगात न पाठवता सांगतात, घरी राहा, कामधंदा कर, मात्र एवढ्या अटी पाळ. कायद्याच्या मराठीत याला ‘परिवीक्षा’ असा शब्द आहे. बोलताना तो कुणी वापरत नाही, म्हणून आपणही प्रोबेशनच म्हणू.

या अटींची यादी लांब असते. ऑफिसरला ठरल्या दिवशी भेटायचं, नोकरी सोडली तर कळवायचं, पत्ता बदलला तर सांगायचं, दंड भरायचा. आणि त्यातच एक ओळ असते, जी सही करताना कुणी नीट वाचत नाही : परवानगीशिवाय हद्द सोडायची नाही.

आपल्याकडे ‘तडीपार’ हा शब्द सगळ्यांना माहीत आहे. तडीपार माणसाला सांगतात, या जिल्ह्यात पाऊल ठेवायचं नाही. प्रोबेशन म्हणजे त्याची उलटी बाजू. इथे सांगतात, या हद्दीतून पाऊल बाहेर टाकायचं नाही.

हा विषय आपल्या कार्यक्रमात कशाला, असं तुम्हाला वाटेल. आपल्या लोकांत याबद्दल मोठ्यानं कुणी बोलत नाही, म्हणूनच. पार्टीहून परतताना दारू पिऊन गाडी चालवल्याची केस होते, घरातल्या भांडणात शेजारी पोलिसांना फोन करतात, दुकानातून वस्तू उचलल्याचा आरोप येतो. वकील प्रोबेशनवर सोडवतो, सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि विषय बंद होतो. मग एके दिवशी भारतातून फोन येतो, किंवा दुसऱ्या राज्यात नोकरी मिळते, आणि ती न वाचलेली ओळ आडवी येते. न विचारता गेलं तर काय होतं? उत्तर ठिकाणानुसार आणि केसनुसार बदलतं. पण ही परवानगी मुळात मागायची का, हे कळायला जवळजवळ दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

(संगीत)

सुरुवात बॉस्टनमध्ये. १८३० साली तिथल्या न्यायाधीश पीटर ऑक्सनब्रिज थॅचर यांच्यासमोर जेरूशा चेस नावाच्या एका बाईनं चोरीचा गुन्हा कबूल केला. तिच्या स्नेह्यांनी रदबदली केली, सरकारी वकिलांनी हरकत घेतली नाही, आणि न्यायाधीशांनी तिला शिक्षा न सुनावता जाऊ दिलं. अट एकच : बोलावू तेव्हा हजर व्हायचं. आपल्या वर्तमानपत्रांत ज्याला ‘जातमुचलक्यावर सुटका’ म्हणतात, तोच हा प्रकार. पुढे १८३१ साली ती दुसऱ्या एका आरोपातून निर्दोष सुटली, तरी जुन्या गुन्ह्याच्या शिक्षेसाठी तिला पुन्हा उभं करता आलं. कारण मुचलका संपलेला नव्हता. शिक्षा माफ झाली नव्हती, ती टांगून ठेवलेली होती. प्रोबेशनचं बीज इथे आहे, आणि त्यातला धोकाही.

या बीजाला रूप दिलं ते जॉन ऑगस्टस या बूट बनवणाऱ्या कारागिरानं. ऑगस्टसचं दुकान बॉस्टनच्या पोलीस कोर्टापासून जवळ होतं आणि तो दारूबंदीच्या चळवळीत होता. ऑगस्ट १८४१ मध्ये कोर्टात एका फाटक्या कपड्यांतल्या माणसाला आणलं गेलं. आरोप होता अट्टल दारूडा असल्याचा, आणि त्याची शिक्षा म्हणजे सुधारगृह नावाचा तुरुंग. ऑगस्टस त्याच्याशी बोलला, आणि न्यायाधीशांना म्हणाला, मी याला जामीन राहतो. न्यायाधीशांनी तीन आठवड्यांची मुदत दिली. त्या माणसानं दारू सोडल्याच्या प्रतिज्ञेवर सही केली. तीन आठवड्यांनी तो कोर्टात परत आला तेव्हा त्याच्यातला फरक पाहून न्यायाधीश चकित झाले. त्यांनी एक सेंट दंड केला. कोर्टाच्या खर्चासकट एकूण ३ डॉलर ७६ सेंट झाले, ते भरून तो माणूस घरी गेला.

मंडळी, या गोष्टीत सुधारणा, दया, माणुसकी हे सगळं आहेच. पण कायद्याच्या नजरेनं पाहिलं तर सगळ्यात महत्त्वाची घटना एकच : तो माणूस परत आला. आला नसता तर जामिनाचे पैसे ऑगस्टसच्या खिशातून गेले असते.

ऑगस्टसनं पुढे १८५८ पर्यंत १,९४६ जणांना जामीन राहून सोडवलं. वाटेल त्याला मात्र तो सोडवत नसे. माणसाचं वय काय, आधीची वागणूक कशी, आता तो कुणाच्या संगतीत राहणार, याची चौकशी करून मगच तो शब्द द्यायचा, आणि नंतर कोर्टाला त्याची खबर द्यायचा. आजच्या प्रोबेशन ऑफिसरची तीन कामं, म्हणजे चौकशी, देखरेख आणि अहवाल, त्या बूटवाल्यानं फुकट केली. पहिल्या अकराशे जणांपैकी एकाच्याच बाबतीत जामीन जप्त झाला, असा त्याच्या कामाचा हिशेब सांगितला जातो. कोर्टातल्या काही नोकरमाणसांना मात्र तो आवडत नसे, कारण तुरुंगात पोचवलेल्या प्रत्येक माणसामागे त्यांना काही सेंट मिळायचे आणि ते बुडायचे. १८५९ मध्ये ऑगस्टस वारला.

तेव्हा ‘कुठे चाललास, मला सांगून जा’ ही अट कुठल्या छापील फॉर्मवर नव्हती. ती जामीन राहिलेल्या माणसाच्या आणि सुटलेल्या माणसाच्या नात्यात होती. आपल्याकडे एखाद्याला कुणी जामीन राहिलं की घरातली वडीलमाणसं काय सांगायची? ‘त्याची मान तुझ्या हातात आहे, विसरू नकोस.’ तसंच हे.

१८७८ साली मॅसॅच्युसेट्सनं कायदा केला आणि बॉस्टनच्या महापौरांना पगारी प्रोबेशन ऑफिसर नेमायचा अधिकार दिला. पहिले ऑफिसर झाले एडवर्ड सॅव्हेज, हे पूर्वी पोलीसप्रमुख होते. जामीनदाराच्या जागी सरकारी माणूस आला. १८९१ पर्यंत ही व्यवस्था राज्यभर लागू झाली आणि पुढे एकेक करत इतर राज्यांनी ती उचलली. पण जामीनदार बदलला तसं नातंही बदललं. ऑगस्टसला फसवलं तर त्याचे पैसे जात होते. सरकारला फसवलं तर आता सुटलेल्या माणसाचं स्वातंत्र्य जाणार होतं.

(संगीत)

आता थोडं भरभर पुढे जाऊ. राज्यांमध्ये प्रोबेशन पसरत होतं, पण केंद्र सरकारच्या, म्हणजे फेडरल न्यायालयांकडे असा कायदाच नव्हता. तरी काही न्यायाधीश आपल्या अधिकारात शिक्षा स्थगित करायचे. ओहायो राज्यातल्या टोलीडो शहरात न्यायाधीश किलिट्स यांनी बँकेत अफरातफर केलेल्या एका तरुणाची पाच वर्षांची शिक्षा अशीच स्थगित ठेवली. पहिलाच गुन्हा होता, पैसे परत केले होते, बँकेचीही तक्रार उरली नव्हती. पण सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९१६ मध्ये निकाल लागला की कायद्यानं अधिकार दिल्याशिवाय न्यायाधीशाला शिक्षा अशी बेमुदत टांगून ठेवता येणार नाही. या निकालानं उलट कायद्याची गरजच सिद्ध झाली. मार्च १९२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी फेडरल प्रोबेशन कायद्यावर सही केली. कूलिज हे स्वतः मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर राहिलेले, म्हणजे प्रोबेशनच्या माहेरचेच.

त्या कायद्यात आपल्या विषयाची कळीची तरतूद होती. प्रोबेशन ऑफिसरला प्रोबेशनवरच्या माणसाला वॉरंटशिवाय अटक करता येईल. मात्र अटक झाली की त्याला तातडीनं न्यायाधीशासमोर न्यायचं.

कायद्यात लिहिलेलं आणि प्रत्यक्षात घडणारं यांत अंतर असतं, हे दाखवून दिलं एस्को या माणसाच्या खटल्यानं. टेक्ससमध्ये त्याला प्रोबेशन मिळालं होतं. त्यानं अटी मोडल्याचा ऑफिसरचा अहवाल आला आणि न्यायाधीशासमोर उभं न करताच त्याची रवानगी थेट लेव्हनवर्थच्या तुरुंगात झाली. १९३५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कार्डोझो यांनी निकाल दिला, की हे चूक आहे, कारण कायदा सांगतो न्यायाधीशासमोर न्या. पण त्याच निकालात त्यांनी असंही म्हटलं, की ऐकून घेतलं जाण्याचा हा हक्क राज्यघटनेनं दिलेला नाही. प्रोबेशन ही कोर्टाची कृपा आहे.

‘कृपा’ हा शब्द लक्षात ठेवा. जे कृपेनं मिळतं ते मर्जी फिरली की जातं. ज्या राज्याच्या कायद्यात सुनावणीची अट नव्हती, तिथल्या माणसाला या निकालाचा काही उपयोग नव्हता. हद्द सोडल्याचा नुसता अहवाल आला, की ‘का गेलास?’ हे कुणी न विचारताही त्याला आत टाकता येत होतं.

त्याच दशकात दुसरा प्रश्न उभा राहिला, तो राज्यांच्या सीमांचा. अमेरिकेत एका राज्याच्या कोर्टाचा हुकूम शेजारच्या राज्यात आपोआप चालत नाही. फरार माणूस परत आणायचा तर रीतसर मागणी करावी लागते, दोन राज्यांच्या गव्हर्नरांचे कागद फिरतात. त्यामुळे सीमा ओलांडली की माणूस देखरेखीबाहेर जायचा. दुसरीकडे, ज्याचं घरदार आणि नोकरी शेजारच्या राज्यात, त्यालाही इथेच अडकून पडावं लागायचं. १९३४ साली काँग्रेसनं राज्यांना आपसात करार करायची मुभा दिली आणि १९३७ पासून प्रोबेशन व पॅरोलवरच्या लोकांच्या देखरेखीचा आंतरराज्य करार सुरू झाला. देवाणघेवाण अशी : तू परवानगी घेऊन आमच्याकडे राहायला ये, आमचा ऑफिसर तुझ्यावर लक्ष ठेवील. पण जाण्याआधी लिहून दे, की परत बोलावलं तर प्रत्यार्पणाच्या कायदेशीर पायऱ्यांचा आग्रह धरणार नाही. जाण्याची वाट मोकळी झाली, तसा परत आणण्याचा दोरही आखूड झाला. त्याच कराराची नवी आवृत्ती २००२ पासून चालू आहे. तिच्या नियमांत दुसऱ्या राज्यात सलग ४५ दिवसांहून जास्त राहणं म्हणजे नुसता प्रवास राहत नाही, ते स्थलांतर ठरतं आणि त्यासाठी रीतसर बदली मागावी लागते.

(संगीत)

आता येऊ १९७२ सालाकडे. या गोष्टीतलं सगळ्यात मोठं वळण इथे आहे, आणि ते घडलं आयोवा राज्यातल्या दोन अगदी साध्या माणसांमुळे.

एक मॉरिसी. खोटे चेक दिल्याबद्दल शिक्षा झालेला, पॅरोलवर सुटलेला. पॅरोल म्हणजे शिक्षेचा काही भाग भोगून मग अटींवर सुटका. प्रोबेशनचा हा सख्खा भाऊच. दुसरा बूअर. बनावट सहीच्या गुन्ह्यातला, तोही पॅरोलवर. बूअरवर ठपके होते ते असे : खोट्या नावानं लायसन्स काढलं, परवानगीशिवाय गाडी चालवली, नोकरी टिकवली नाही, आणि परवानगीशिवाय ठरवून दिलेली हद्द सोडली. ऑफिसरनं अहवाल दिला, मंडळानं तो मान्य केला, आणि दोघंही पुन्हा तुरुंगात. सुनावणी झालीच नाही.

मॉरिसी विरुद्ध ब्रूअर या नावानं हा खटला सर्वोच्च न्यायालयात पोचला. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी जून १९७२ मध्ये निकाल दिला. त्याचा गाभा असा. हा माणूस आज बाहेर आहे. तो काम करतो, घरच्यांबरोबर जेवतो, मित्रांना भेटतो. त्याचं स्वातंत्र्य अटींनी बांधलेलं असलं तरी ते स्वातंत्र्यच आहे, आणि ते हिरावलं तर त्याला आणि त्याच्या माणसांना मोठा घाव बसतो. म्हणून त्याला कृपा म्हणा की हक्क म्हणा, ऐकून घेतल्याशिवाय ते काढून घेता येणार नाही.

मग न्यायालयानं पायऱ्या आखून दिल्या. अटकेनंतर लवकरच, जिथे घडलं त्या ठिकाणाजवळ प्राथमिक चौकशी, आणि तीही ज्यानं तक्रार केली त्याच ऑफिसरनं करायची नाही. मग मुख्य सुनावणी. त्याआधी लेखी आरोप हातात मिळाले पाहिजेत, पुरावा दाखवला पाहिजे. आपली बाजू मांडता आली पाहिजे, साक्षीदार आणता आले पाहिजेत, आणि ठोस कारण नसेल तर विरुद्ध बाजूच्या साक्षीदारांना प्रश्न विचारता आले पाहिजेत. निर्णय घेणारा तटस्थ हवा, आणि त्यानं कारणं लिहून द्यायला हवीत.

पण माझ्या मते निकालातला सगळ्यात मोलाचा भाग वेगळा आहे. न्यायालयानं सांगितलं की प्रश्न दोन आहेत. पहिला, अट मोडली का? दुसरा, मोडली असली तरी याला परत तुरुंगात पाठवायलाच हवं का? हद्द सोडणाऱ्यांच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा उघड असतं. बसचं तिकीट, विमानाची नोंद, टोलनाक्याचा फोटो. तिथे वाद घालायला जागा नसते. पण दुसऱ्या प्रश्नात ‘का गेलास?’ याला जागा मिळाली. मरणाच्या दारातल्या बापाला भेटायला गेलेला आणि देखरेख चुकवायला पळालेला, हे दोघं कागदावर सारखेच दिसतात. त्यांच्यातला फरक सांगण्याची संधी १९७२ नंतर घटनेनं मिळाली.

पुढच्याच वर्षी, मे १९७३ मध्ये, हाच नियम प्रोबेशनला लागू झाला. खटला गॅग्नन विरुद्ध स्कार्पेली. विस्कॉन्सिनमध्ये सशस्त्र दरोड्याच्या गुन्ह्यात स्कार्पेलीला पंधरा वर्षांची शिक्षा झाली, ती स्थगित करून सात वर्षांचं प्रोबेशन मिळालं. आंतरराज्य करारानुसार त्याला शेजारच्या इलिनॉयमध्ये राहायची मुभा मिळाली. त्यासाठी त्यानं ज्या कागदावर सही केली त्याचं नावच होतं ‘प्रवास परवाना आणि परत येण्याचा करार’. बघा, १८४१ मधला तोंडी शब्द १९६५ मध्ये छापील फॉर्म झालेला आहे! इलिनॉयमध्ये त्याला घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो घरफोडीच्या ठिकाणी पकडला गेला. महिनाभरात प्रोबेशन रद्द झालं आणि पंधरा वर्षांची टांगलेली शिक्षा खाली आली, तीही सुनावणीशिवाय. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, प्रोबेशनवाल्यालाही मॉरिसीसारखीच सुनावणी मिळालीच पाहिजे. सरकारी खर्चानं वकील मिळणार का, हे मात्र न्यायालयानं प्रत्येक केसच्या गुंतागुंतीवर सोडलं.

स्कार्पेलीबद्दल तुम्हाला सहानुभूती वाटो न वाटो. हक्क असे बऱ्याचदा नको त्या माणसांच्या खटल्यांतून येतात आणि मग सगळ्यांच्या उपयोगी पडतात.

(संगीत)

एवढा इतिहास पाठीशी घेऊन आता आजचं चित्र पाहू. न विचारता हद्द सोडली तर नेमकं काय होतं?

आधी हद्द म्हणजे काय ते समजून घ्या. राज्याच्या कोर्टाचं प्रोबेशन असेल तर ती काउंटीची किंवा राज्याची सीमा असू शकते. फेडरल असेल तर बहुधा त्या कोर्टाचा जिल्हा. न्यू जर्सी हे अख्खं राज्य एक फेडरल जिल्हा आहे, आणि मॅनहॅटन दुसऱ्या जिल्ह्यात मोडतं. म्हणजे एडिसनला राहणारा माणूस रोजच्या ट्रेननं हडसन नदी ओलांडून ऑफिसला गेला तरी त्यानं हद्द सोडली! नोकरीसाठी अशा ये-जा करण्याची परवानगी मिळू शकते, पण ती मागावी लागते आणि कागदावर असावी लागते.

न सांगता गेल्याचं कळलं की ऑफिसर कोर्टाला अहवाल देतो. कोर्ट समन्स काढतं किंवा पकड वॉरंट. वॉरंट निघालं की ते संगणकात चढतं. गाडीचा दिवा बंद म्हणून पोलिसानं थांबवलं, तरी ते दिसतं. परदेशातून परतताना विमानतळावरही दिसतं. ‘प्रोबेशनची मुदत तोपर्यंत संपेल’ असा हिशेब करणारे फसतात. फेडरल कायद्यात मुदत संपण्याआधी वॉरंट किंवा समन्स निघालं असेल, तर मुदतीनंतरही कोर्ट प्रोबेशन रद्द करू शकतं. अनेक राज्यांत फरार असतानाचे दिवस प्रोबेशनच्या मुदतीत धरतच नाहीत.

अटकेनंतर जामीन मिळेलच असं नाही. फेडरल नियमात ‘मी पळून जाणार नाही’ हे पटवून देण्याचं ओझं त्या माणसावरच असतं, आणि जो एकदा न सांगता गेला त्यानं ते पटवायचं कसं? सुनावणीत ज्यूरी नसते. गुन्हा सिद्ध करायला लागतो तेवढा कडक पुरावाही सहसा लागत नाही.

निकाल चार प्रकारचे संभवतात. कोर्ट समज देऊन प्रोबेशन चालू ठेवतं. मुदत वाढवतं. अटी कडक करतं, म्हणजे घरात स्थानबद्धता, पायाला यंत्र. किंवा प्रोबेशन रद्द करून शिक्षा देतं. नुसती हद्द सोडणं हा सहसा नवा गुन्हा धरला जात नाही, तो ‘तांत्रिक’ भंग समजला जातो. फेडरल कायद्यात अमली पदार्थ किंवा बंदूक बाळगण्यासारख्या काही गोष्टींत प्रोबेशन रद्द करणं सक्तीचं आहे. हद्द सोडणं त्या यादीत नाही, ते न्यायाधीशांच्या विवेकावर आहे. पण रद्द झालंच, तर शिक्षा सहलीची होत नाही, मूळ गुन्ह्याची होते. जेरूशा चेसच्या वेळी टांगून ठेवलेली ती शिक्षा आठवा.

आणखी एक भेद महत्त्वाचा : जाणं वेगळं आणि नाहीसं होणं वेगळं. आपली बरीच मराठी मंडळी जिथे राहतात त्या नॉर्थ कॅरोलायना राज्यानं २०११ मध्ये कायदा बदलला. तांत्रिक भंगासाठी लगेच प्रोबेशन रद्द करायचं नाही, पण जो जाणूनबुजून देखरेख चुकवतो, आपला ठावठिकाणा लपवतो, त्याचं करता येईल, असं ठरलं. २०१५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयापुढे एक प्रकरण आलं. प्रोबेशनवरचा माणूस परवानगी न घेता न्यू जर्सीला ये-जा करत होता, भेटी चुकवत होता. पण ऑफिसरचा त्याच्याशी फोनवर संपर्क होता. न्यायालय म्हणालं, अट मोडली हे खरं, पण हा फरार नाही, आणि रद्द केलेलं प्रोबेशन परत मिळालं. अर्थात प्रत्येक राज्य इतकं उदार नाही. पण फोन उचलत राहणाऱ्याची आणि फोन बंद करणाऱ्याची कायद्यात वेगवेगळी गणना होऊ शकते, हे यातून घ्यायचं.

आता आपल्यापैकी जे अजून नागरिक झालेले नाहीत, व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर आहेत, त्यांच्यासाठी. १९९६ च्या कायद्यानुसार शिक्षा स्थगित झाली तरी इमिग्रेशनच्या हिशेबात ती शिक्षाच धरली जाते. चोरी किंवा हिंसेच्या काही गुन्ह्यांत एक वर्षाची शिक्षा ही फार मोठी रेघ आहे. ती गाठली तरी देशाबाहेर काढलं जाण्याची पाळी येऊ शकते. ज्याची मूळ शिक्षा त्या रेघेच्या अलीकडे होती, तो प्रोबेशन मोडल्यावर मिळालेल्या शिक्षेमुळे पलीकडे जाऊ शकतो. आणि दुसरी गोष्ट, दारं दोन आहेत. प्रोबेशन ऑफिसरनं भारतात जायची परवानगी दिली, म्हणजे परत येताना इमिग्रेशन अधिकारी आत घेतीलच, असं नाही. काही गुन्ह्यांनंतर ग्रीन कार्डवाल्यालाही विमानतळावर नव्यानं प्रवेश मागणारा समजतात. म्हणून तिकीट काढण्याआधी फौजदारी वकील आणि इमिग्रेशन वकील दोघांनाही विचारायचं.

समजा, रात्री दोन वाजता पुण्याहून फोन आला. आई आयसीयूमध्ये आहे, लगेच नीघ. त्या क्षणी कुणाला कोर्ट आठवेल? पण आठवायला हवं. ऑफिसरला त्याच रात्री निरोप ठेवा, ईमेल करा. सकाळी वकिलाला उठवा. तातडीचा अर्ज करता येतो. दवाखान्याचं पत्र, जाण्या-येण्याचं तिकीट, तिथला पत्ता आणि फोन नंबर त्याला जोडायचा. परवानगी मिळाली की ती लेखी घ्यायची आणि प्रत जवळ ठेवायची. ‘मी कळवलं होतं’ म्हणजे ‘मला परवानगी होती’ असं होत नाही. आणि नकार मिळाला, तर तो सहन करणं फार कठीण आहे, हे मला कळतं. तरी न्यायाधीशांकडे पुन्हा दाद मागता येते. गुपचूप गेल्यावर मागता येते ती फक्त माफी.

आणि कुणी आधीच गेलं असेल तर? सल्ला सोपा नाही, पण दिशा स्पष्ट आहे. वकिलामार्फत, होता होईल तितक्या लवकर, स्वतःहून कोर्टासमोर या. मॉरिसीच्या निकालानं दिलेला तो दुसरा प्रश्न, ‘परत तुरुंगात पाठवायलाच हवं का?’, जो समोर उभा आहे त्याच्या बाजूनं लवकर झुकतो. बेड्या घालून आणलेल्याच्या बाजूनं तो झुकवणं अवघड जातं.

मंडळी, १८४१ ते आज या वाटेवर कायद्यानं बरंच काही दिलं. कृपेचा हक्क झाला, बंद दाराआडच्या अहवालाची सुनावणी झाली. पण हे सगळे हक्क ऐकून घेतलं जाण्याचे आहेत, आणि ऐकून घ्यायला माणूस तिथे असावा लागतो. तुमच्या ओळखीत कुणी अशा अवस्थेत असेल, तर त्याला टाळू नका, आणि ‘जा रे, कुणाला कळतंय’ असंही सांगू नका. त्याच्याबरोबर बसून तो अटींचा कागद एकदा नीट वाचा.

नेहमीप्रमाणे सांगतो, ही इतिहासाची आणि सर्वसाधारण माहिती आहे, वकिलाचा सल्ला नव्हे. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, प्रत्येक केस वेगळी. आजच्यापुरतं इतकंच. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.